उंबरातली केंबरे आणि पहिला जीव



पिकलेले उंबर फोडले की आतून केंबरे भुर्रकन उडतात, हे आपण सर्वांनी लहानपणी पाहिले आहे. वरून पाहावे तर उंबर अखंड, त्याला ना चीर ना कीड. मग ही चिलटे आत शिरली कोठून? आंब्याचेही तसेच. निवडून आणलेला, एकही डाग नसलेला आंबा खावा, कोय फोडावी, तर आत काळपट भुंगा जिवंत बसलेला! घट्ट झाकणाच्या डब्यातल्या तांदळात सोंडे होतात. आणि पहिल्या पावसाची तर गंमतच आहे. कालपर्यंत रान कोरडे ठणठणीत, आणि एका रात्रीत डबके बेडकांच्या ओरडण्याने भरून जाते.

आपल्या वाडवडिलांनी हे सारे नीट पाहिले आणि त्यावरून सरळ अनुमान काढले. काही जीव आईच्या पोटी जन्मतात, काही अंड्यातून निघतात, काही जमीन फोडून वर येतात, आणि काही नुसत्या घामातून, उबेतून, दमटपणातून आपोआप निपजतात. जारज, अंडज, उद्भिज्ज आणि स्वेदज या त्या चार खाणी. कीर्तनात आपण त्या ऐकतो, दासबोधात त्या आहेत, ऐतरेय उपनिषदातही चारांचा उल्लेख आहे. छांदोग्य उपनिषदात मात्र तीनच प्रकार सांगितले आहेत. स्वेदज वेगळा दिलेला नाही. म्हणजे जुन्या काळीही याबाबतीत सगळ्यांची यादी एकच नव्हती, एवढे ध्यानात ठेवू.

आज हा विषय काढायला एक कारण घडले. खेड्यातल्या एका शाळेतल्या बाईंनी मला त्यांच्या वर्गातली हकिकत सांगितली. जीव प्रथम पाण्यात निर्माण झाला असावा, असा धडा चालला होता. एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, आजी म्हणते सगळे जीव देवाने केले. पुस्तक म्हणते आपोआप झाले. मग खोटं कोण बोलतंय, आजी की पुस्तक?" बाई गप्प राहिल्या. पुस्तक खोटे म्हणावे तर शिकवायचे काय, आणि आजी खोटी म्हणावी तर ती पोर घरी जाऊन काय सांगणार? बाईंनी मला विचारले, "तुम्ही असता तर काय सांगितले असते?" त्या प्रश्नाचे उत्तर आज द्यायचा प्रयत्न करतो.

प्रथम उंबराकडे वळू. एखादा माणूस फार दिवस भेटला नाही की आपण म्हणतो, "काय, उंबराचे फूल झालास!" उंबराला फूल दिसत नाही हे खरे, पण फूल असते. ज्याला आपण फळ म्हणतो तीच एक बंद कुपी, आणि तिच्या आत शेकडो बारीक फुले. कुपीच्या शेंड्याशी खवल्यांनी झाकलेले एक चिमुकले तोंड असते. मादी केंबर त्या तोंडातून अंग चेपून आत शिरते. शिरताना तिचे पंखसुद्धा तुटतात. ती आतल्या फुलांत अंडी घालते आणि अंगावर आणलेले पराग तिथे झाडते. पुढे पिल्ले होतात. त्यांतले नर बिनपंखांचे. ते भिंत पोखरून वाट करतात आणि माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडून जातात. केंबरे नसती तर उंबराचे बी धरले नसते.

आंब्याचा भुंगा कोवळ्या फळाच्या सालीवर अंडे घालतो. अळी गरातून कोयीत उतरते, फळ वाढत जाते आणि जखम बुजून जाते. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडते, आत अंडे ठेवते आणि वरून चिकट लेप देते. डब्याचे झाकण घट्ट असले तरी उपयोग काय? चोर आधीच घरात! बेडूक उन्हाळाभर मातीत पुरून घेऊन निजलेला असतो, तो पाऊस लागताच वर येतो. आणि ज्या उवांना स्वेदज म्हणत, त्यांच्या लिखा काढता काढता आपल्या आयाबायांची नखे झिजली. लिखा म्हणजे दुसरे काय, उवांची अंडीच की!

वाडवडिलांनी पाहिले ते खोटे नव्हते, फक्त त्यांना अंडे दिसले नव्हते. पण यात नुसत्या माहितीचा प्रश्न नाही. सोंडे उबेतून आपोआप होतात असे मानले, तर हात जोडून बसण्यापलीकडे करायचे काय? ते अंड्यातून होतात असे कळले, की धान्य कडक उन्हात वाळवता येते, कणगी झाडून घेता येते. जीव कोठून येतो याचे जे उत्तर आपण धरतो, त्याप्रमाणे आपला हात चालतो. हा मुद्दा पुढे फार मोलाचा ठरणार आहे.

आता युरोपात जाऊ, कारण या प्रश्नाची खरी झटापट तेथे झाली. 'जीव आपोआप निपजतो' हा समज काही आपलाच नव्हता. ग्रीसचा थोर पंडित अॅरिस्टॉटल सांगे की बाम नावाचा सापासारखा मासा चिखलातून होतो. सतराव्या शतकात हेल्मॉन्ट नावाच्या विद्वानाने तर उंदीर करण्याची कृती लिहून ठेवली: मळका सदरा आणि गहू एका भांड्यात एकवीस दिवस ठेवा, उंदीर तयार! शेतकऱ्याला हे ऐकून हसू येईल. गहू ठेवला की उंदीर येणारच.

१६६८ साली इटलीतल्या फ्रान्सेस्को रेडी या वैद्याने एक साधी गोष्ट केली. त्याने बरण्यांत मांसाचे तुकडे ठेवले. काही बरण्या उघड्या ठेवल्या, काही बंद केल्या, आणि काहींच्या तोंडाला बारीक जाळीचे कापड बांधले, म्हणजे हवा जाईल पण माशी जाणार नाही. उघड्या बरणीत अळ्या झाल्या. जाळीच्या बरणीत मांस सडले, पण अळी झाली नाही. माश्यांनी अंडी घातली ती जाळीच्या वरच. पण झाले काय, की बायबलातल्या एका कथेत मेलेल्या सिंहाच्या कलेवरात मधमाश्या सापडतात. तिचा दाखला देऊन रेडीवर धर्मग्रंथाविरुद्ध बोलल्याचा ठपका आला. त्या काळी 'जीव आपोआप होत नाही' म्हणणे पाखंड वाटे.

पुढे सूक्ष्मदर्शकातून डोळ्यांना न दिसणारे जंतू दिसू लागले आणि वाद पुन्हा पेटला. माशी अंड्यातून होत असेल, पण हे जंतू तरी रश्शातून आपोआप होत असतील! अठराव्या शतकात नीडहॅमने रस्सा तापवून बाटली बुचाने बंद केली, जंतू झाले. तो म्हणाला, पाहा, आपोआप झाले. स्पालान्झानीने रस्सा जास्त वेळ उकळला आणि काच वितळवून तोंड पक्के बंद केले. जंतू झाले नाहीत. गंमत अशी की दोघेही कॅथलिक पंथाचे धर्मोपदेशक. श्रद्धा एक, ग्रंथ एक, आणि मते अगदी उलट!

आणखी शंभर वर्षांनी वारे फिरले. १८५९ साली डार्विनचा ग्रंथ निघाला आणि फ्रान्समध्ये लोक म्हणू लागले, जीव जर आपोआप होत असेल तर देवाची गरज काय? आता 'जीव आपोआप होतो' म्हणणे हे नास्तिकपणाचे लक्षण ठरले. रेडीच्या वेळी जे मत धर्माच्या बाजूचे होते, तेच आता धर्माच्या विरुद्ध गेले. मत तेच, निशाण मात्र बदलले. ही गोष्ट गुरुजनांनी मुलांना अवश्य सांगावी. कोणते मत कोणत्या पक्षाचे आहे यावरून ते खरे की खोटे हे ठरत नाही. मग ठरते कशावरून?

लुई पाश्चरने ते बाटलीवरून ठरवले. त्याने यीस्टचे गोड पाणी काचेच्या चंबूत घालून चंबूची मान हंसाच्या मानेसारखी लांब आणि वाकडी केली, तोंड उघडेच ठेवले आणि पाणी उकळले. हवा आत जाई, पण धूळ आणि धुळीवरचे जंतू त्या वाकड्या मानेत अडकून बसत. पाणी जसेच्या तसे राहिले. मान मोडली, की थोड्याच दिवसांत पाणी नासले. त्याने सीलबंद बाटल्या ठिकठिकाणी नेऊन क्षणभर उघडल्या. सपाटीवरच्या मोकळ्या रानात २० पैकी ८ नासल्या, डोंगरावर २० पैकी ५, आणि आल्प्स पर्वतातल्या हिमनदीपाशी २० पैकी १. जिथे धूळ कमी, तिथे नासणे कमी.

पाश्चर स्वतः श्रद्धाळू माणूस. तरी १८६४ साली पॅरिसमधल्या व्याख्यानात त्याने बजावले, की हा प्रश्न धर्माने सुटायचा नाही आणि नास्तिकपणानेही नाही; येथे काम प्रयोगाचे. खरे सांगायचे तर त्यालाही नशिबाने साथ दिली. त्याचा प्रतिस्पर्धी पूशे हा वाळलेल्या गवताचे पाणी वापरी आणि ते उकळूनही नासे. पूशे लबाड नव्हता. गवतात अशा जंतूंची बीजे असतात की ती उकळीलाही दाद देत नाहीत. हे १८७० नंतर उलगडले. प्रयोग फसला तरी तो काहीतरी सांगत असतो, फक्त ऐकून घेणारा हवा.

आता मघाचा मुद्दा. जंतू जंतूपासूनच येतो हे कळल्यावर माणसाचा हात कसा चालू लागला ते बघा. १८६७ साली लिस्टर या शस्त्रवैद्याने पाश्चरच्या शोधावरून जखमा कार्बोलिक आम्लाने धुण्याची पद्धत जाहीर केली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्याचा जंतू दोन वर्षांपूर्वीच सापडला होता. पाश्चरच्या संस्थेत काम केलेले हाफकिन मुंबईत आले, त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

आणि घरातली गोष्ट घ्या. बाळ जन्मले की पाचवी पुजायची, सटवाई येऊन कपाळी नशीब लिहून जाते, असा आपल्याकडे समज. पूर्वी कितीतरी बाळे पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच दूध ओढीनाशी होत, ताठ होत आणि दगावत. घरची माणसे म्हणत, सटवाईने एवढेच लिहिले होते. तो होता धनुर्वात. त्याची बीजे मातीत आणि शेणात असतात. नाळ कापली विळ्याने, वर लावले शेण किंवा राख. मग दुसरे काय होणार? आईला धनुर्वाताची लस दिली, नाळ स्वच्छ ब्लेडने कापली, तिला काही लावले नाही, की बाळ वाचते. हे काम गावोगाव चालले आणि माता-बालकांचा धनुर्वात भारतातून सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून हटला, हे २०१५ साली पडताळून मान्य झाले. पाचवी आजही पुजली जाते, खुशाल पुजावी. सटवाईची काही तक्रार नाही. फक्त नाळेचे काम तिच्यावर टाकू नये.

इथवर ठीक. पण एखादा चौकस विद्यार्थी इथेच अडवील. "गुरुजी, जीव जिवापासूनच होतो म्हणता. मग पहिला जीव कशापासून झाला?" शाबास! हाच तो मूळ प्रश्न, आणि पाश्चरच्या चंबूने तो सोडवला नाही. उलट जास्त टोकदार केला.

पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. पश्चिम ऑस्ट्रेलियात सुमारे ३४८ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सूक्ष्म जिवांनी रचलेल्या थरांच्या खुणा आहेत. तेव्हा पहिला जीव त्याआधी केव्हातरी झाला. कसा? डार्विनने १८७१ साली एका मित्राला पत्रात लिहिले, की एखाद्या कोमट लहानशा तळ्यात तो झाला असेल. आज मात्र तसले द्रव्य तयार झाले तर कोणीतरी जीव ते लगेच खाऊन टाकील. १९२४ साली रशियात ओपारिनने आणि १९२९ साली इंग्लंडात हॉल्डेनने हाच विचार स्वतंत्रपणे पुढे नेला. हे हॉल्डेन पुढे १९५७ साली भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.

१९५३ साली शिकागोच्या स्टॅन्ली मिलर या तरुण विद्यार्थ्याने आपला प्रयोग प्रसिद्ध केला. त्याचे गुरू हॅरॉल्ड यूरी. काचेच्या चंबूंत पाणी, हायड्रोजन, मिथेन आणि अमोनिया. मिथेन म्हणजे गोबर गॅसमध्ये जळतो तो वायू, आणि अमोनिया म्हणजे गोठ्यात नाकाला झोंबतो तो. पाणी उकळत ठेवले आणि विजेऐवजी ठिणग्या पाडल्या. दुसऱ्याच दिवशी पाणी गुलाबीसर झाले, आठवड्याने गडद लाल. त्यात अमिनो आम्ले सापडली. डाळीत, दुधात, आपल्या अंगच्या मांसात जी प्रथिने असतात, त्यांच्या या विटा. मिलर २००७ साली वारला. त्याच्या जुन्या कुप्या पुढच्या वर्षी नव्या उपकरणांनी तपासल्या, तेव्हा त्यात वीसहून अधिक प्रकारची अमिनो आम्ले निघाली.

पण विटा म्हणजे वाडा नव्हे. मिलरने जीव केला नाही, आणि तसे तो म्हणालाही नाही. शिवाय आरंभीच्या पृथ्वीची हवा त्याने घेतली तशी नव्हती, असे पुढच्या अनेक शास्त्रज्ञांचे मत झाले. विटा मात्र इतरत्रही सापडल्या. बेन्नू नावाच्या लघुग्रहावरची माती सप्टेंबर २०२३ मध्ये पृथ्वीवर आणली. सजीव वापरतात त्या २० पैकी १४ अमिनो आम्ले तिच्यात असल्याचे जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाले. विटा आकाशातही पडलेल्या आहेत म्हणा ना! तरी त्या विटांतून स्वतःची नक्कल करणारी, खाणारी, वाढणारी पहिली पेशी कशी रचली गेली, हे आजही कोणाला पुरते सांगता येत नाही. काम चालू आहे. विज्ञानाला 'अजून ठाऊक नाही' असे म्हणायची लाज वाटत नाही, आणि वाटूही नये.

असे म्हणायला धर्मपरंपराही नेहमीच कचरल्या असे नाही. ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताचा शेवट शंकेने होतो. सृष्टी कोठून झाली हे वरून पाहणाऱ्यालाही ठाऊक असेल की नसेल, असे तो ऋषी विचारतो. जग अनादि की सादि या प्रश्नाला बुद्धाने उत्तर देण्याचे नाकारले. जैनांच्या मते जगाला कर्ताही नाही आणि आरंभही नाही. ख्रिस्ती आणि मुसलमान बांधव ईश्वराला निर्माता मानतात. धर्म म्हटला म्हणजे उत्तर एकच, असे नाही.

येथे दोन खड्डे आहेत, ते टाळावेत. पहिला खड्डा, 'हे सारे आमच्या ग्रंथात आधीच आहे' असे म्हणणे. मत्स्य, कूर्म, वराह हा क्रम उत्क्रांतीसारखा दिसतो खरा, पण तो जुळवला जातो उत्तर कळल्यावर. त्यावरून आधी कोणी एकही जीवाश्म शोधला नाही. दुसरा खड्डा, जिथे विज्ञान अडले तिथे बोट दाखवून 'हा पाहा देव' म्हणणे. उद्या तिथले उत्तर सापडले तर देवाला तिथून उठवावे लागेल. केंबरे देवाने उंबरात आपोआप निपजवली म्हणणाऱ्यांचे तेच झाले. देवाला असे भाड्याच्या खोलीत ठेवू नये.

तिसरी एक चूक आपण विज्ञान शिकवणारेही करतो. चंबू दाखवून 'देव नाही' म्हणतो. देव आहे की नाही हे चंबूने कधी सांगितले नाही. जग आहे तरी का, जिवाने जगावे कसे, मुक्या जनावरावर दया का करावी, हे माणसाचे प्रश्न आहेत. आजी त्यांच्याविषयी बोलते, आणि ते बोलणे ऐकण्याजोगे असते.

तेव्हा त्या मुलीला मी असे सांगितले असते: "बाळ, खोटे कोणीच बोलत नाही. आजी सांगते तिची श्रद्धा. पुस्तक सांगते ते आजवरच्या शोधाने हाती आलेले, आणि तेही उद्या सुधारले जाईल. पण जिथे पाहून, मोजून, करून कळते, तिथे आधी करून पाहायचे. मग सांगणारी आजी असो, पुस्तक असो की मी असो."

आणि तिला करून पाहायलाही द्या. गुरुजनहो, दोन काचेच्या बरण्या घ्या. दोन पिकलेली केळी वर्गातच सोला आणि दोन्ही बरण्यांत एकेक टाका. एका बरणीच्या तोंडाला लगेच बारीक पातळ कापड घट्ट बांधा, दुसरी उघडी ठेवा. काय होईल ते मुलांना आधी वहीत लिहू द्या. आठवडाभर रोज पाहा. कापड बांधायला उशीर झाला तर तेवढ्यात चिलट अंडी घालून मोकळे होते आणि झाकलेल्या बरणीतही अळ्या होतात. तसे झाले तर बरणी लपवू नका. मुलांनाच विचारा, "ही आत आली कोठून?" रेडीची परंपरा तुमच्या वर्गात सुरू झाली असे समजा.

उंबर हे दत्ताचे झाड. केंबरांची वाट कळली म्हणून औदुंबराची प्रदक्षिणा कोणी थांबवलेली नाही. उलट, एवढ्याशा फळात शेकडो फुले आणि पंख तुटेपर्यंत आत शिरणारी ती आई, हे कळल्यावर हात जोडणाऱ्याचे हात थोडे अधिकच मनापासून जुळतील. आणि प्रदक्षिणा संपवून घरी आल्यावर त्या हातांनी तांदूळ उन्हात घालावेत.